नऊ डब्यांचा सिनेमा

२ मार्च

खिळ्या,

फोनवर तुझा मालक कान लावून बसतो, म्हणून लिहितेय. बाबांबद्दल आहे. तरी पूर्ण वाच, अर्ध्यावर टाकू नकोस.

बाबा गिटार वाजवायचे तो हॉटेलातला बँड बंद झाला ते तुला कळवलं होतं. आता तिथे जेवणाऱ्यांना टेप लावतात. सुरुवातीला बाबा संध्याकाळ झाली की कोट घालून, केस विंचरून दारात उभे राहायचे. मग कोट घालायचं सोडलं. मग दारात यायचंही सोडलं. एक दिवस ड्रमवाले काका त्यांना ओढून आपल्या घरी घेऊन गेले. त्यांनी एका सिनेमाची कॅसेट मिळवली होती. परक्या भाषेतला, रॉक की काय म्हणतात त्या संगीताचा. एक मोठा गिटारवाला असतो आणि त्याचं डोकं फिरतं, एवढंच काकांना कळलं. बाबांनी तो सात वेळा पाहिला. आठव्या वेळी काकूंनी व्हीसीआर कपाटात घालून कुलूप लावलं.

तेव्हापासून बाबा मागच्या खोलीत आहेत. दाराला आतून कडी. काका म्हणतात, सिनेमात तो माणूस घरातलं एकेक सामान बाहेर काढतो. म्हणून यांनीही काढलं. कॉट, कपाट, आईचं शिवणयंत्र, सगळं पॅसेजमध्ये आहे, मी आडवी होऊन स्वयंपाकघरात जाते. गिटारसुद्धा बाहेर. आत फक्त ती हॉटेलातून आणलेली मोठ्या हातांची खुर्ची. दाराशी ठेवलेलं ताट अर्धं भरलेलं परत येतं. काल मी विचारलं, "बाबा, झालं का आता सगळं?" तर आतून म्हणाले, "खुर्ची राहिलीय."

खुर्चीचं काय होतं त्या सिनेमात? काकांना विचारलं तर म्हणतात, तिथपर्यंत मला डुलकी लागते.

माझी रजा संपली. अठरा तारखेला बाटल्यांवर लेबलं लावायला हजर झाले नाही तर कारखान्यातून नाव काढतील, सुपरवायझरबाईंनी तोंडावर सांगितलंय. तू थेटरात काम करतोस. तिथे कुणी तो सिनेमा पाहिला असेल तर विचार, लागला तर स्वतः बघ. मला एवढंच सांग, बाबांना घरात एकटं ठेवून मी जाऊ की नको?

ताई


९ मार्च

ताई,

पत्र मिळालं. पूर्ण वाचलं. वाचून फोम कापायला बसलो आणि सहा तुकडे वाकडे कापले, त्याचं खापर आता कुणाच्या माथी फोडू?

नशीब बघ. तू म्हणतेस तोच सिनेमा इथे बावीस तारखेपासून लागणार आहे. आम्ही अजून याच थेटरात आहोत, सहाशे चाळीस खुर्च्यांचं रेक्झिन फाडून नवीन चढवतोय. सिनेमाचे नऊ डबे आधीच आलेत. ऑपरेटर एकेक रीळ मशीनला लावून तपासतो, तुटलं असेल तिथे चिकटवतो. म्हटलं, मी खाली स्क्रू पिळत बसलेलोच आहे, लाव. दोन दिवसांत नऊच्या नऊ रिळं पाहिली, कधी खुर्चीच्या वरून, कधी खुर्चीच्या खालून. खालून जरा बरा दिसतो.

ताई, असला भिकार प्रकार मी जन्मात पाहिला नाही.

सुरुवातच ऐक. समुद्र. समुद्रात एक खुर्ची आणि खुर्चीत एक हाडकुळा माणूस, गळ्यापर्यंत पाणी. कुठून आला, का बसला, कुणी सांगायला तयार नाही. खुर्चीही खोटी. आत काथ्या असता तर पाणी पिऊन ती कधीच कलंडली असती, हा आपला सिंहासनावर बसल्यासारखा. पुढच्या रिळात हा घरातलं सामान बाहेर काढतो. त्याच्या पुढच्यात सामान परत घरात! कुणी आणलं? मग नळ नाही, पाऊस नाही, आणि घरात कमरेएवढं पाणी. मग एक बोकड चष्मा लावून ड्रम वाजवतो, आणि खरं सांगतो, अख्ख्या सिनेमात तेवढा एकच मन लावून काम करतो. एक डॉक्टर ह्याच्या कानातून तार ओढतो, ओढतो, ओढतो. मी तेवढ्यात एक रांग आवळून काढली तरी तार संपली नाही. शेवटी मोठा हॉल, हजारो लोक, हा पांढरा कोट घालून वाकून नमस्कार करतो, त्याची आई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसते, टाळ्या, खलास. म्हणजे गोष्ट काय, तर बुडणारा माणूस वर आला. एवढ्यासाठी नऊ डबे! आपला हिरो हे एका गाण्यात उरकतो.

आणि ह्याला दुःख कसलं? मी नीट शोधलं. घर तीन मजली. दारात गाडी. बायको येऊन दार वाजवते तर हा उघडत नाही. दार वाजवायला कुणीतरी येतं, हेच ह्याचं दुःख! असल्या माणसाला आठ दिवस आमच्या मालकाकडे पाठवा. इथे सकाळी सातला दार वाजवत नाहीत, लाथ घालतात.

तर बाबांचं असं समज. खुर्ची सिनेमाच्या सुरुवातीला आहे. शेवटी सगळं ठीक होतं. बाबा नाटक करतायत. त्यांना पहिल्यापासून हौस. माझी सातवीची परीक्षा होती त्या दिवशी स्पीकर उचलायला मला दौऱ्यावर नेलं आणि वर म्हणाले, "अरे, तारीख लक्षातच नव्हती." कलावंताच्या कशी राहील लक्षात! तेव्हा ज्या पेट्या उचलल्या त्या अजून खाली ठेवलेल्या नाहीत मी. तू खुशाल कामावर जा. आणि ताट दाराशी नेऊन ठेवू नकोस, भूक लागली की कलावंत बरोबर कडी काढतो.

हे त्यांना दाराबाहेरून मोठ्याने वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

खिळ्या


१५ मार्च

खिळ्या,

वाचून दाखवलं. ताटाचं तेवढं गाळलं. बोकडाजवळ आले तेव्हा आतून खाकरल्यासारखा आवाज आला, हसले की काय कोण जाणे. परीक्षेचंही गाळणार होते, पण जीभ पुढे निघून गेली. मग म्हणाले, "गाढवाला कळव, आपण काय पाहिलं ते त्यालाच कळलेलं नाही."

पण मला हायसं वाटलं. शेवटी टाळ्या आहेत ना, मग झालं. अठरापासून कामावर जाते. शेजारच्या काकूंना दुपारी डोकावायला सांगितलं होतं, तेही आता नको म्हटलं. त्या डोकावतात कमी आणि गल्लीभर सांगतात जास्त.

एक गंमत. आज सकाळी बाबांनी कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याला खिडकीतून हाक मारली आणि विचारलं, खुर्ची तळ्यापर्यंत नेशील का म्हणून. मी म्हटलं, "तळ्यावर कशाला?" तर म्हणाले, "तिथे उजेड बरा असतो." बाहेर पडायचं नाव काढतायत हेच पुष्कळ. तू म्हणालास तसं, खुर्चीपासून सुरुवात झाली म्हणायची.

नीट जेवत जा. तिरकं बोलून पोट भरत नाही.

ताई


२२ मार्च

ताई,

हे पत्र पोचायच्या आत तार पोचलेली असेल. कारखान्याच्या पत्त्यावर केलीय. 'खुर्ची शेवटी आहे. बाबांना एकटं सोडू नको.' तार घेणाऱ्या बाबूने दोनदा विचारलं, खुर्चीच ना? म्हटलं, हो बाबा, खुर्चीच, तू पाठव.

माझ्या अकलेचं काय झालं ते ऐक. आज पहिला खेळ. नवीन खुर्च्या बसवल्या की मालक आमच्यातल्या एकाला पहिल्या खेळाला माणसांत बसवतो, कुठली खुर्ची करकरते ते ऐकायला. आज माझी पाळी. दिवे गेले, आणि पडद्यावर पहिलंच काय? तो हॉल, त्या टाळ्या, पांढरा कोट, आई. मला वाटलं ऑपरेटरने शेवटचं रीळ आधी चढवलं, आता शिट्ट्या पडणार. कुणी हूं की चूं करेना. मग डॉक्टर आणि तार. मग बोकड. मग घरात पाणी. नव्या रेक्झिनला माझी पाठ चिकटली, एवढा घाम. मध्यंतरात धावत वर गेलो. म्हटलं, "अहो, सिनेमा उलटा लावलाय तुम्ही!"

ऑपरेटर हातातला कप खाली न ठेवता म्हणतो, "उलटा तू पाहिलास. मागच्या थेटरात शेवटचं रीळ उतरवलं ते ढिगात सगळ्यात वर ठेवलं. मी तपासताना वरचा डबा आधी घेतो. नवावरून एकावर. मला चिकटवायचं असतं, गोष्ट थोडीच ऐकायची असते."

"मग मला सांगायचं नाही का?"

"दोन दिवस बघत होतास की. तुला नको कळायला?"

कसं कळणार, ताई? नऊ डबे शेपटाकडून लावले तरी काही बिघडत नाही, आणि ह्याला लोक तिकीट काढून कला म्हणतात! आम्ही एक खुर्ची उलटी बसवली, तर पहिलाच माणूस आमची आईबहीण काढेल.

पुढचं मी बसून पाहिलं नाही, दाराला टेकून पाहिलं. तो सामान बाहेर काढतो. गिटार टाकतो. खुर्ची डोक्यावर घेऊन घरातून निघतो, हे तेव्हा मी खुर्चीखाली होतो म्हणून हुकलं होतं. वाळूत चालतो. खुर्ची पाण्यात ठेवतो, तिच्यात बसतो, आणि पाणी चढत जातं. गुडघे, छाती, गळा. मग काळं. तो उठत नाही, ताई. पडद्यावर नावं येतात, तेव्हा मी ती सुरुवातीची समजलो होतो, आणि माणसं अंधारात पायाने आपापल्या चपला शोधतात.

तो मेला तर मेला, माझ्या बापाचं काय गेलं, असं म्हणणार होतो. आणि तोंडातल्या तोंडात तेच वाक्य अडकलं. तुझ्या पत्रातलं तळं आठवलं. तसाच तार करायला पळालो.

बाबांना मी आवडत नाही, ठीक. मलाही ते फार आवडतात असं नाही. पण 'नाटक करतायत' हे मी लिहिलं आणि तू ते मोठ्याने वाचलंस. ते परत घेता येत असेल तर घे.

फोन कर. मालक ऐकतो तर ऐकू दे.

खिळ्या


२४ मार्च

खिळ्या,

तुझ्या मालकाला फोनवर 'बाबा घरी आहेत' एवढाच निरोप दिला. बाकीचं त्याला कशाला?

तार चार वाजता आली. सुपरवायझरबाईंनी आधी स्वतः वाचली आणि म्हणाल्या, "खुर्चीसाठी सुट्टी मिळत नाही." मी एप्रन टेबलावर टाकला आणि निघाले. घरी पोचले तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. आत काही नाही. भिंती आणि फरशी.

तळ्याच्या रस्त्याला हातगाडीवाला समोरून येताना दिसला, गाडी रिकामी. म्हणाला, "काकांना सोडलं तिथे. मी विचारलं परत न्यायला कधी येऊ, तर म्हणाले, नको येऊस." हे ऐकलं आणि मी धावत सुटले.

खुर्ची काठाच्या चिखलात होती. पुढचे दोन पाय पाण्यात. बाबा बसलेले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बूट काढून बाजूला जोडीने ठेवलेले, मोजे बुटांत. मी तशीच चिखलातून जाऊन शेजारी उभी राहिले. तार पुढे केली. त्यांनी चष्म्याशिवाय लांब धरून वाचली. म्हणाले, "शेवटी म्हणजे? शेवटी काय?"

"मला काय माहीत! ज्याने पाठवली त्याला विचारा!"

"पत्र लिहील तो?"

"लिहील."

त्यांनी पाण्यातून पाय काढले. मग बूट हातात घेऊन माझ्यामागून चालत घरी आले. खुर्ची तिथेच राहिली.

तेव्हापासून तासातासाला विचारतात, पोस्टमन आला का. मागच्या खोलीत बसत नाहीत, पॅसेजमधल्या कॉटवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे लावतात. तू पत्रात काय लिहिलंयस मला ठाऊक नाही. या वेळी मी वाचून दाखवणार नाही, काही गाळणारही नाही. सरळ हातात देणार.

कारखान्यातून नाव काढलं नाही. काल सुपरवायझरबाई स्वतः येऊन माझा एप्रन देऊन गेल्या. धुऊन.

ताई


२८ मार्च

सिनेमाचे थोर जाणकार यांस,

तुझं बावीस तारखेचं पत्र ताईने दिलं. तीनदा वाचलं. तुझं अक्षर खुर्चीखाली आडवं पडून काढल्यासारखं आहे.

तू सिनेमा शेपटाकडून पाहिलास आणि त्याचा अर्थ लावून मोकळा झालास. आपल्या घरात एवढी बुद्धी आली कुठून, असं लिहिणार होतो. पण माझं ऐक. ड्रमवाल्याच्या कॅसेटला शेवटच नव्हता. तो माणूस खुर्ची डोक्यावर घेऊन दारातून निघतो, आणि एकदम फुटबॉलची मॅच सुरू होते. कुणीतरी वरून भरून ठेवली होती. पहिल्या दोन वेळा मला वाटलं, हे सिनेमातलंच आहे. बोकड ड्रम वाजवू शकतो तर बावीस माणसांनी बॉल का लाथाडू नये? मी त्याचा अर्थही लावला होता. ड्रमवाल्याला समजावूनही सांगितला होता. त्याला पटला.

तिसऱ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. आणि मग एकच लागून राहिलं, हा खुर्ची घेऊन जातो कुठे? सगळं टाकलं, गिटार टाकली, आणि खुर्ची घेतली, ती कशाला? बँड गेला होता, बोटांना काम नव्हतं. पुढे काय करायचं असतं ते त्या माणसाला माहीत होतं आणि नेमकं तेवढंच पुसलेलं. म्हटलं, त्याच्या पावलावर पाऊल टाकत गेलो तर कळेल. म्हणून सामान काढत गेलो. तळ्यावर का गेलो ते विचारू नकोस, मलाच धड सांगता यायचं नाही. बूट काढले होते हे ताईने लिहिलं असेलच.

आणि आता तुझ्या पत्रातून कळतं की तो खुर्ची पाण्यात ठेवतो, बसतो आणि बुडतो. बस? एवढंच? अरे, महिनाभर कडीमागे बसून मी या माणसाची वाट पाहिली! म्हटलं, एवढा मोठा कलावंत, आपल्याला सुचलं नाही असं काहीतरी काढील. आणि ह्याने काढलं काय, तर जे कुठल्याही रडतोंड्याला सुचतं ते. ते तर मलाही सुचलं होतं! त्याला बोकड कशाला लागतो? असा संताप आला की पॅसेजमधलं कपाट एकट्याने ढकलत आत नेलं. ताई म्हणते, "बाबा, पाठ सांभाळा." म्हटलं, "पाठ गेली खड्ड्यात. त्या भिकारड्याने मला फसवलं!"

आता परीक्षेचं. तारीख लक्षात होती. तुझ्या आईने आदल्या दिवशी दोनदा सांगितली होती. पेट्या उचलायला माणूस मिळत नव्हता, आणि तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत होतं. ते तसं होतं.

गिटार पुसून ठेवली. वाजवली नाही. कपाट आत आलं, कॉट आत आली, शिवणयंत्र आलं. आता आणायला काही उरलं नाही. ताई कामावर गेली की संध्याकाळपर्यंत मी आणि घड्याळ.

बाबा


३ एप्रिल

बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची पहिलीच खेप. चुका मोजत बसू नका.

फुटबॉलचा अर्थ काय लावला होतात ते सविस्तर कळवा. हसणार नाही म्हणून सांगत नाही, हसणारच आहे. इथे ऑपरेटरला सांगितलं तर तो तिसऱ्या रिळाला मशीन बंद करून हसत बसला आणि लोकांनी पहिल्यांदा शिट्ट्या मारल्या. सिनेमा आठवड्यात उतरला. शेवटच्या खेळाला अकरा माणसं, त्यातली चार झोपायला आलेली. डबे पुढच्या गावाला गेले. तिथेही कुणीतरी वरचा आधी उघडणार आणि त्याला सिनेमा सुखाचा वाटणार. वाटू दे.

परीक्षेचं वाचलं. माफी मागितली नाहीत ते बरं केलंत. सहा जण एका खोलीत राहतो, ती ठेवायला जागा नव्हती. पण राग आला. वाचल्यापासून येतोय, काम करताना येतोय, अजून गेलेला नाही. सांगून ठेवतो.

आता कामाचं. पंधरा तारखेपासून आम्ही दुसऱ्या थेटरात जातोय. पाचशे खुर्च्या, सगळ्या जुन्या, काथ्याच्या. मशीनची सुई त्यात शिरत नाही. पाठीचे टाके हातानेच, वाकड्या सुईने, दोरा ताणून घालावे लागतात. दोरा किती ताणला की बसतो आणि किती ताणला की तुटतो, ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळावं लागतं. आमच्यातल्या कुणाला धड कळत नाही. चाळीस वर्षं तारा ताणण्यात घालवलीत, तुम्हाला कळावं. मालकाशी बोललोय. तो म्हणाला, "म्हातारा माणूस, टिकेल का?" मी म्हटलं, "तो सिनेमा सात वेळा पाहून टिकलाय."

निजायला सतरंजी. सकाळी सातला दाराला लाथ. दिवसभर कुणी टाळी वाजवणार नाही. टाका वाकडा पडला तर मी उसवायला लावीन आणि चारचौघांत लावीन. सातवी नापास माणूस तुमचा मुकादम असेल. चालत असेल तर दहा तारखेच्या आत कळवा.

खिळ्या